मोटारीतील गारवा आणि पृथ्वीचे छत्र

घरच्या अंगणात मोटारीचे इंजिन दुरुस्त करू पाहणाऱ्या गृहस्थाच्या वाटेत वातानुकूलन यंत्राच्या नळ्या हटकून आड येतात. पाना लावून नट सैल करावा, आतला वायू निघून जाऊ द्यावा आणि पुढच्या कामास लागावे, असा मोह त्यास होतो. परंतु त्या क्षणभराच्या फुत्कारामागे मोठा इतिहास आहे.

पूर्वी शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड ह्यांसारखे विषारी वायू वापरीत. नळी फुटल्यास प्राणावर बेते. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील थॉमस मिजली व त्यांचे सहकारी ह्यांनी १९२८ च्या सुमारास नवा वायू शोधला. १९३० मध्ये मिजली ह्यांनी शास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने जळती मेणबत्ती विझविली. वायू विषारी नाही व ज्वालाग्राहीही नाही, हे सिद्ध झाले. हाच फ्रेऑन होय.

१९३९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने वातानुकूलित मोटार मांडली. तिचे शीतयंत्र दीर्घकाळ बंद ठेवावयाचे तर इंजिन थांबवून पट्टाच काढावा लागे. पुढे हे यंत्र सुधारले व सार्वत्रिक झाले. वायू निरुपद्रवी मानलेला असल्यामुळे दुरुस्तीच्या वेळी तो हवेत सोडून देण्यात कोणास काही वावगे वाटत नसे.

१९७४ मध्ये मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड ह्यांनी धोक्याची सूचना दिली. हा वायू खालच्या हवेत विघटन पावत नाही, म्हणूनच तो उंच वातावरणात पोहोचतो. तेथे अतिनील किरणांनी त्यातील क्लोरीन सुटते आणि ओझोनचा नाश करते. ज्या स्थैर्यामुळे तो निर्धोक ठरला, तेच स्थैर्य घातक ठरले! १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरील ओझोनच्या थराला पडलेले खिंडार जगापुढे मांडले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. अमेरिकेत १९९२ पासून असा वायू जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा ठरले. भारतही त्याच वर्षी करारात सामील झाला.

त्यानंतर मोटारींत आर-१३४ए हा वायू आला. तो ओझोनला अपाय करीत नाही. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायॉक्साइडच्या हजार पटींहून अधिक उष्णता अडवितो. म्हणून २०१६ च्या किगाली दुरुस्तीने अशा वायूंचाही वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले.

तेव्हा नळी सोडविण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून यंत्राद्वारे वायू काढून घ्यावा, हे श्रोत्यांनी ध्यानी ठेवावे. दाबाखालील तो द्रव उसळला तर त्वचा गोठते आणि डोळ्यांस इजा होते. उघडी तोंडे तत्काळ टोपणांनी बंद करावीत, कारण आतील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. जोडताना सांध्यांतील रबरी कडी नवी घालावीत व नळ्या निर्वात करूनच वायू भरून घ्यावा. कित्येकदा तर काँप्रेसरचे बोल्ट काढून तो नळ्यांसकट बाजूस बांधून ठेवल्याने काम भागते. नळी सोडविण्याचा प्रसंगच येत नाही.

ओझोनचे छत्र आता हळूहळू भरून येत आहे. त्यामागे राष्ट्रांचे करार आहेत, तसेच असंख्य कारागिरांनी बदललेली एक जुनी सवयही आहे.