वसईच्या दरवाज्यावरची ढाल

२०१६ च्या युरो फायनलच्या रात्री आम्ही वाशीला मित्राकडे जमलो होतो. रोनाल्डो जखमी होऊन बसला, कॅमेरा त्याच्या जर्सीवर गेला आणि मी ओरडलो, "अरे, हे मी वसईत बघितलंय!" कोणी लक्ष दिलं नाही. साहजिक आहे म्हणा.

पण खरंच बघितलं होतं. वसई किल्ल्यातल्या बालेकिल्ल्याच्या दरवाज्यावर पोर्तुगालचं राजचिन्ह कोरलंय. शाळेच्या सहलीपासून कितीदा त्याखालून गेलो, दरवेळी 'नक्षी' म्हणून सोडून दिलं. पुढच्या शनिवारी भर पावसात घोडबंदरमार्गे मुद्दाम गेलो.

ढालीत क्रूसासारख्या मांडलेल्या पाच छोट्या ढाली असतात. दंतकथा अशी की ११३९ मध्ये ओरिकच्या लढाईत अफोन्सो हेन्रिक्सनं पाच मूर राजांना हरवलं, त्यांच्या या पाच ढाली. प्रत्येकीत पाच ठिपके, म्हणजे येशूच्या पाच जखमा. काही जण त्यात जूडासची तीस नाणीही बघतात. पण पाच पंचे पंचवीस, मग तीस कसे? तर मधल्या ढालीचे ठिपके दोनदा मोजायचे! (आमच्याकडे याला बग म्हणतात.) भोवतीचे सात किल्ले परंपरेनं दक्षिणेकडच्या आल्गार्व्ह प्रांताशी जोडले जातात.

बाजूचा कड्याकड्यांचा गोल बघून पृथ्वीच वाटते. पण ते आकाशाचं यंत्र आहे, ग्रहताऱ्यांचे मार्ग दाखवणारं. वास्को द गामाला पाठवणाऱ्या मॅन्युएल राजाचं ते खासगी चिन्ह. तो १५२१ मध्ये वारला, वसई पोर्तुगीजांना मिळाली १५३४ मध्ये, तरी गोल इथे आहेच. तोवर तो राजाचा न राहता समुद्रावरच्या सत्तेचा झाला होता. पोर्तुगालच्या आजच्या, १९११ च्या झेंड्यावरही तो आहे.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. चर्चच्या घंटा मराठ्यांनी काढून नेल्या. मेणवलीच्या घाटावर, नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्या आजही टांगलेल्या आहेत. घंटा वाजते, उपयोगी पडते. हरलेल्या राजाची ढाल मात्र कोणी फोडलीही नाही आणि नेलीही नाही.

त्या दिवशी तिच्याखाली एका जोडप्याचं प्री-वेडिंग शूट चाललं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, जरा बाजूला होता का? मागची नक्षी फ्रेममध्ये हवीय."