‘अँग्री यंग मॅन’ : पिढीची प्रतिमा आणि इतिहास

सत्तरच्या दशकातील तरुण पिढीची ‘अँग्री यंग मॅन’ ही ओळख हिंदी चित्रपटाने रूढ केली. मूळची ही संज्ञा १९५६ मधील ब्रिटिश रंगभूमीच्या संदर्भात प्रचलित झाली. ‘जंजीर’ (१९७३) व ‘दीवार’ (१९७५) नंतर ती अमिताभ बच्चन यांच्या नायकास लागू झाली.

प्रत्यक्षात त्या काळातील असंतोष सामूहिक होता. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. महागाईविरुद्ध स्त्रियांनी लाटणे मोर्चे काढले. १९७४ मध्ये रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. पडद्यावर मात्र हा असंतोष एकट्या पुरुषाच्या संतापात सामावला. ‘दीवार’मधील कामगार नेत्याचा मुलगा संघटनेकडे न वळता तस्करीकडे वळतो. दलित व स्त्रिया यांचा संघर्ष या प्रतिमेबाहेरच राहिला.

त्यामुळे चित्रपटातील पिढी हा समाजाचा नव्हे, तर समाजाविषयीच्या प्रचलित कल्पनेचा पुरावा ठरतो.