पेनिसिलिनची ॲलर्जी आहे? डॉक्टरांना आधी हे सांगा

घसा दुखला, दाताला सूज आली, जखम चिघळली की बऱ्याचदा पेनिसिलिन गटातलं औषध दिलं जातं. ॲमॉक्सिसिलिन आणि ॲम्पिसिलिन ही त्याच गटातली. त्यामुळे पेनिसिलिन चालत नसेल, तर मेडिकलमधून परस्पर ॲमॉक्सिसिलिन आणून खाणं धोक्याचं आहे.

लक्षणं कोणती?
अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ किंवा चेहरा सुजणं. दम लागला, घसा आवळला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबू नका. लगेच १०८ ला फोन करा. रुग्णाला आडवं झोपवा, पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करू नका. अशा वेळी मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं.

खरंच ॲलर्जी आहे का?
नुसती मळमळ किंवा जुलाब म्हणजे ॲलर्जी नव्हे. ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्या १० पैकी सुमारे ९ जणांना तपासणीत ती आढळत नाही. पण घरी गोळी खाऊन बघू नका. तपासणी दवाखान्यातच करून घ्या. हृदयाच्या झडपांसाठी दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल, तर नुसत्या शंकेने ते बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

काय लिहून ठेवाल?
‘इंजेक्शन सोसत नाही’ एवढं सांगून भागत नाही. औषधाचं नाव, कोणत्या वर्षी घेतलं, किती वेळाने काय झालं, हे केस पेपरवर लिहून घ्या. जुन्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.