गालाच्या स्नायूचे मुखांतर्गत विद्युत्-मापन

गालाच्या स्नायूचे मुखांतर्गत विद्युत्-मापन : गालाच्या भिंतीतील बक्सिनेटर हा स्नायू आकुंचन पावताना त्याच्या तंतूंत उत्पन्न होणारे सूक्ष्म विद्युत्-विभव तोंडाच्या आतील श्लेष्मल त्वचेवर विद्युदग्रे ठेवून टिपण्याची पद्धती. इलेक्ट्रोमायोग्राफी म्हणजे स्नायुविद्युत्-आलेखन या शास्त्रात तिचा समावेश होतो.

स्थान व कार्य : हा पातळ, चौकोनी स्नायू दोन्ही जबड्यांच्या दाढांलगतच्या अस्थीपासून निघून ओठांभोवतालच्या वर्तुळाकार स्नायूत विलीन होतो. सातव्या मस्तिष्क-तंत्रिकेच्या शाखा त्यास चेतना देतात. चावताना गालाकडे निसटणारा घास पुन्हा दाढांखाली लोटणे हे त्याचे नित्यकर्म होय. म्हणूनच चेहऱ्याचा पक्षाघात झालेल्या मनुष्याच्या गालात अन्न साचून राहते व ते बोटाने काढावे लागते. अर्भकाचे स्तनपान, फुंकर व शीळ यांतही त्याचा वाटा असतो; आणि सनईवादक नाकाने श्वास घेत असता गालांत साठविलेली हवा ज्याच्या दाबाने पत्तीतून जात राहते व सूर अखंड ठेवते, तो स्नायूही हाच.

मापनाची रीत : गालाच्या बाह्य त्वचेवरून मापन केल्यास मध्ये मेदाचा थर येतो, आणि चावण्याच्या मॅसेटर व हसण्याच्या स्नायूंचे विभव मूळ संकेतात मिसळतात; आतून मात्र श्लेष्मल त्वचा व तिच्याखालचा पातळ थर एवढेच अंतर उरते. तथापि लाळ विद्युद्वाहक असल्याने ती दोन विद्युदग्रांना जोडून संकेत दुर्बल करते. यास्तव गाल आतून कापसाने कोरडा करून विद्युदग्रे चोषण-पेल्याने चिकटवितात किंवा दातांवर बसणाऱ्या ॲक्रिलिकच्या पट्टीत जडवितात. क्वचित केसासारखी बारीक तार स्नायूतच रोवतात. संदर्भ-विद्युदग्र कानाच्या पाळीवर लावतात. मिळणारे अत्यल्प विभव विवर्धकाने वाढवून त्यांतील सुमारे 20 ते 500 हर्ट्झ कंप्रतेचा भाग ठेवतात, व घरगुती विद्युत्प्रवाहाच्या 50 हर्ट्झच्या व्यत्ययाकडे विशेष लक्ष देतात. व्यक्तीस प्रथम स्वस्थ बसवून, नंतर ओठ मिटून गाल आत ओढण्यास, फुंकण्यास व दात आवळण्यास सांगतात. केवळ दात आवळताना आलेख उंचावला, तर मॅसेटरचा संकेत शिरल्याचा संशय घ्यावा लागतो. कमाल प्रयत्नाचे मूल्य शंभर मानून इतर मूल्ये त्याच्या टक्केवारीत मांडण्याचा प्रघात आहे. हे मापन क्रियेचे आहे, बलाचे नव्हे, हा भेद विसरता कामा नये.

इतिहास : जर्मनीत हान्स पायपर यांनी 1912 च्या सुमारास मानवी स्नायूंचे आलेख अभ्यासिले. 1949 मध्ये रॉबर्ट मॉयर्स यांनी स्नायुविद्युत्-आलेखन दंतवैद्यकात आणिले. बास्माजियन व न्यूटन यांनी 1974 मध्ये, संकेत व्यक्तीस दाखवून बक्सिनेटरच्या निरनिराळ्या भागांवर ताबा मिळविण्याच्या शिक्षणाविषयी निबंध प्रसिद्ध केला.

महाराष्ट्रातील महत्त्व : सुपारी, तंबाखू वा गुटख्याचा बार ज्या जागी, म्हणजे गाल व हिरडी यांच्या मध्ये, तासन्‌तास धरला जातो, त्याच जागेखाली हा स्नायू पसरलेला आहे. सुपारीतील ॲरेकोलीनमुळे तेथे तंतुमय ऊतक वाढून सबम्यूकस फायब्रोसिस हा विकार जडतो, तोंड उघडेनासे होते, व काही रुग्णांत पुढे कर्करोग उद्भवतो. या विकाराचे वर्णन 1952 मध्ये श्वार्ट्झ यांनी व 1953 मध्ये जोशी यांनी केले. 1966 मध्ये पिंडबोर्ग व मुंबईच्या सत्यवती सिरसाट यांचा त्यावरील निबंध प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावाला उपचारासाठी, वैद्यकीय महाविद्यालय असलेले अंबाजोगाई जवळ आहे. परंतु तेथवर जाण्याची निकड भासण्यास रोग आधी ओळखला पाहिजे. त्यासाठी यंत्राची गरज नाही: स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात सहज जातात की नाही, एवढे पाहणे पुरे. तोंड उघडत नाही ते केवळ श्लेष्मल त्वचेखालच्या तंतुमय ऊतकाने आवळल्यामुळे, की स्नायूही विकारग्रस्त झाल्यामुळे, हे ठरविण्यास या मापनाचे साहाय्य होऊ शकते, आणि एकाच रुग्णाचे आलेख उपचारापूर्वी व नंतर ताडून पाहणे हाच त्याचा सर्वांत विश्वसनीय उपयोग होय. निदान मात्र त्यावरून करू नये. आणि ज्याच्या तोंडात तीन बोटे जात नाहीत, त्याने सुपारी त्याच दिवशी सोडून दंतवैद्यास तोंड दाखवावे.