मोडी शिकून आता उपयोग काय?



फोनवरून क्षणात निरोप पोहोचतो. मग जुन्या लेखनविद्या मुलांना शिकवाव्यात कशाला? प्रश्न रास्त आहे. 15 जुलै 2013 रोजी भारतातील तारसेवा बंद झाली. आज तारेची कडकट्ट शिकून कोणाला नोकरी लागणार नाही. परंतु सर्व जुन्या विद्यांना एकच न्याय लावून चालणार नाही. तार पोहोचली की तिचे काम संपत असे. मोडीतील कागदांचे काम अजून संपलेले नाही.

मोडी ही मराठीची धावती लिपी. आधी आडवी रेघ ओढायची आणि मग लेखणी फारशी न उचलता अक्षरे लिहीत जायची. दोन शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवकाल, पेशवाई आणि पुढे करवीर संस्थान, सर्वांचा कारभार या लिपीत झाला. विल्यम कॅरे यांचा मराठी कोश 1810 साली मोडी टंकांत छापला गेला. पण पुढे छापखान्यांनी देवनागरी धरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली.

ही लिपी आपल्याला परकी आहे असे समजू नका. दौत, कलम, शाई, मजकूर, मायना, तारीख हे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले. जुन्या मराठी पत्रांत मोहरम, सफर, रबिलावल हे महिने आढळतात. त्यांतील शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. हे महिने आपल्या मुलांना घरातच पाठ होतात. म्हणजे अक्षर तेवढे शिकायचे उरते.

आता प्रत्यक्ष हिताची गोष्ट. राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली आणि 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. आज त्याच शिक्षणाच्या वाटेवर कागदाचा पुरावा मागितला जातो. बागवान, तांबोळी, पिंजारी अशा इतर मागासवर्गीय कुटुंबांना जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, इनामाच्या सनदा, घरांचे दस्त यांतले पुष्कळ कागद मोडीत आहेत. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी, उर्दू आणि फारसी वाचणाऱ्यांची गरज साऱ्या महाराष्ट्राला कळली. पुरावा घरात असून वाचता येत नाही म्हणून प्रवेश हुकला, तर दोष कोणाला द्यायचा?

2014 साली मोडीला संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले. तरीही कारकुनाचे घाईचे हस्ताक्षर उलगडायला सरावलेली नजर लागते. चुकीच्या वाचनाने वारसाचे नावही बदलू शकते.

प्रत्येक मुलाने मोडी शिकावी असा आग्रह नाही. गणित, इंग्रजी, संगणक यांचा वेळ तिला देऊ नये. पण प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी मुलगा, एक तरी मुलगी मोडी वाचणारी असावी. राज्याचा पुराभिलेख विभाग अल्पमुदतीचे मोडी वर्ग घेत आला आहे. सुट्टीत त्यांची चौकशी करा. आणि पालकहो, तोपर्यंत घरातील जुने कागद रद्दीत घालू नका. कोरड्या जागी जपून ठेवा. ते वाचणारा उद्या तुमच्याच घरात तयार होईल.