नाशिकच्या तुरुंगातील एक बालग्रंथ
साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे मुलांवर संस्कार करणारे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला होता. लेखनसमयीही मंदिराची दारे अस्पृश्यांना बंदच होती. पुस्तकातील आई श्यामला वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी देण्यास पाठविते. मात्र नंतर स्नान करावयासही सांगते. ही करुणा खरी, तथापि अपुरी होय, असे आम्हास वाटते. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. लेखक आपल्या पुस्तकाच्या पुढे गेला. म्हणून आपण मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावे ते या इतिहासासह. समतेवाचून करुणेचा संस्कार अपुराच राहतो.