पाणी नितळ दिसतं, पण जंतू मेलेत का?

पुणे शहराचं सांडपाणी, प्रक्रिया झालेलं आणि न झालेलंही, मुळा-मुठेतून हवेली, दौंडकडे येतं. मुंढवा जॅकवेलवरून तेच पाणी उचलून बेबी कालव्याने शेतीला दिलं जातं.

सांडपाणी प्रकल्पात गाळ निघाला की पाणी नितळ दिसतं. मैल्यातले जंतू मात्र त्यात राहतात. ते मारायला शेवटी क्लोरीन टाकून पाणी साधारण अर्धा तास टाकीत थांबवावं लागतं. गडबड होते ती बहुतेक इथंच. वीज गेली की क्लोरीनचा पंप बंद. हायपोक्लोराइट उन्हात पडून राहिलं तर त्याचा जोर उतरतो. आधीची प्रक्रिया कच्ची असेल तर उरलेली घाणच क्लोरीन खाऊन टाकते. बरं, जास्त ओतूनही चालत नाही, मासे मरतात.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या अधिसूचनेनुसार सोडलेल्या पाण्यात दर १०० मिलीला मैल्यातले कोलिफॉर्म जंतू १००० पेक्षा कमी हवेत. हे डोळ्यांना कळत नाही, लॅबमध्ये तपासूनच समजतं.

कोथिंबीर, मेथी, काकडीवर असं पाणी वरून मारू नये. ठिबकने मुळाशी द्यावं. नदीकाठच्या विहिरीचं पाणी उकळूनच प्यावं.